तलवार आणि तिचा धनी

खंडेनवमीला घरातली हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सोने लुटायला बाहेर पडायचे, हा आपला जुना रिवाज. आता पाटावर तलवार मांडणारी घरे थोडी. कुणाच्या पाटावर विळी आणि अडकित्ता असतो, सुताराच्या घरी करवत आणि रंधा, तर आमच्या शाळेत कंपासपेटी आणि बागेतले खुरपे. तरीही 'शस्त्र' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती तलवार. आणि तलवार म्हटली की आपला पहिला प्रश्न असतो : कोणाची?

प्रस्तुत लेख या प्रश्नाविषयी आहे. जुन्या तलवारी, कट्यारी, दांडपट्टे, भाले जमविण्याचा आणि त्यांची प्रदर्शने भरविण्याचा उत्साह महाराष्ट्रात मोठा आहे. पुस्तकावर टीका होते, नाटकावर होते, गाण्याच्या बैठकीवरही होते; संग्रहावर मात्र आपण कौतुकाचे चार शब्द बोलून बाहेर पडतो. वास्तविक संग्रह हेही एक प्रकारचे लेखनच. काय ठेवले, काय टाकले, कशाशेजारी काय मांडले आणि खालच्या चिठ्ठीवर काय लिहिले, यांतून संग्राहक आपल्याला एक गोष्ट सांगत असतो. ती खरी किती आणि मनाजोगती किती, हे तपासून पाहायला हरकत नसावी. मी या कामाला लागलो याचे कारण माझा व्यासंग नव्हे. माझ्या हातून एका तलवारीचे नुकसान झाले, हे त्याचे कारण. ती हकिकत शेवटी सांगेन.

१

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईला आली. त्या वर्षी २९ एप्रिलला सोथबी या लिलावघरात ती विक्रीला निघाली होती. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळविली. ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. मी भामरागडला शिक्षक आहे. पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ता बंद पडतो आणि वर्तमानपत्रे शिळी होऊन येतात. तशाच एका शिळ्या अंकातले त्या तलवारीचे चित्र कापून मी शाळेच्या फळ्याशेजारी चिकटविले. मुले गोळा झाली. आठवीतल्या एका माडिया मुलीने विचारले, "सर, ही तलवार आपली का?"

"हो, आपलीच. नागपूरच्या भोसल्यांची."

ती थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग चांद्याच्या राजाची कोठी हाय?"

मला उत्तर देता आले नाही. आदल्याच आठवड्यात मी त्यांना चांद्याचा इतिहास शिकविला होता. गोंड राजांनी बांधलेला परकोट, राणी हिराईने उभारलेली वीरशहाची समाधी, आणि शेवटी रघूजी भोसले. १७५१ साली याच रघूजीने नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत टाकले आणि चांद्याचे गोंड राज्य संपले. म्हणजे ज्या तलवारीचे चित्र मी अभिमानाने चिकटविले, तिच्या धन्यानेच या मुलीच्या मुलखातले राज्य मोडले होते. मी म्हटलेल्या 'आपली' या शब्दात ती मुलगी होती की नव्हती?

तलवार परत आली हे चांगले झाले, याविषयी माझ्या मनात संशय नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी जी लूट केली तीत ती गेली असावी, असा अंदाज सांगितला गेला. लुटीची वस्तू आपल्या पैशाने परत घ्यावी लागली याचे वाईट वाटते. पण घेतली नसती तर आणखी वाईट वाटले असते. माझी तक्रार तिच्या स्वागताबद्दल नसून वाचनाबद्दल आहे. आम्ही तिच्यावरचे नाव वाचले आणि वाचन तिथेच थांबविले.

नावाच्या पलीकडे त्या तलवारीत वाचण्यासारखे पुष्कळ आहे. पाते सरळ, एकधारी, आणि युरोपात घडविलेले. पात्याच्या मुळाशी तिकडच्या कारखानदाराची खूण आहे. मूठ इथली, सोन्याच्या नक्षीची. पाठीवर सोन्याची देवनागरी अक्षरे आहेत. त्यांत रघूजींचे नाव आहे, छत्रपती शाहू महाराजांकडून मिळालेली 'सेनासाहेबसुभा' ही पदवी आहे, आणि 'फिरंग' हाही शब्द आहे. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या देशचे पाते. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेले इतर व्यापारी अशी पाती आपल्या बंदरांत उतरवीत. आपले कारागीर त्यांना इथली मूठ बसवीत आणि आपले सरदार ती हौसेने बाळगीत. आपल्या हातातले पाते परक्या देशचे आहे, हे त्या धन्याने लपविले नाही. उलट सोन्याने लिहून ठेवले. ज्याने बंगाल-ओरिसापर्यंत स्वाऱ्या केल्या त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. बातम्यांतही हे सारे होते. पण चौकाचौकांतल्या बोलण्यात ते उतरले नाही, कारण 'आपली तलवार' या दोन शब्दांना ते थोडे अडचणीचे होते.

आणि अशा देवघेवीला दुसरी बाजूही असते. आमच्या जंगलाच्या दक्षिणेला गोदावरी ओलांडली की तेलंगण लागते. तिथल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे मातीच्या मुशीत पोलाद तयार होत असे आणि ते नेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. दख्खनच्या असल्या पोलादाची पाती पश्चिमेकडे घडली, त्यांच्यावरच्या लाटांसारख्या रेघांची जगभर वाखाणणी झाली, आणि नाव झाले दमास्कसचे. आमचे पोलाद तिकडे जाऊन दमास्कसचे झाले, त्यांचे पाते इकडे येऊन भोसल्यांचे झाले. जी वस्तू इतकी फिरते, तिच्यावर एकाच गावाचे आणि एकाच घराण्याचे नाव घालणे म्हणजे तिचा निम्मा जन्म पुसून टाकणे होय.

२

नावाच्या मोहाचे याहून नाजूक उदाहरण वाघनखांचे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्याला आली. पुढच्या वर्षी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आली. मी ती तिथे पाहिली. रांग मोठी होती. बायाबापड्या मुलांना उचलून दाखवीत होत्या. काचेपुढे आल्यावर माझाही हात नकळत छातीशी गेला, हे मी कबूल करतो.

पण ही वाघनखे ज्या पेटीत लंडनला गेली, त्या पेटीवरचा मजकूर वाचण्याजोगा आहे. शिवाजीने ज्यांनी मोगल सेनापतीला मारले ती ही वाघनखे, साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे तीवर आहेत. आता, १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफझलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे आमच्या चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. स्वतः ग्रँट डफ मराठ्यांच्या इतिहासाचा ग्रंथकार. त्याच्या हातून अशी चूक होणे कठीण. एवंच, पेटीवरचा मजकूर माहीतगाराचा दिसत नाही. हीच ती वाघनखे याला पुरावा देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःही सांगते.

हे सांगितले की काही माणसे रागावतात. मला त्यांचा राग समजतो. पण महाराजांविषयीचा आदर चार पोलादी नख्यांवर उभा नाही. ती नखे दुसऱ्या कोणाची निघाली म्हणून प्रतापगड इंचभरही खचणार नाही. उलट, ज्या राजाने पारख करून माणसे निवडली, त्याच्या नावावर पारख न करता काहीही खपवून घेणे, हा त्याचा आदर नव्हे.

नावाला किंमत आली की नावे पैदा होतात, हा बाजाराचा नियम. नुसती तलवार आणि अमक्या सरदाराची तलवार यांच्या भावांत अंतर पडते. मग नव्या पात्याला आम्ल लावून जुने करायचे, त्यावर तारेचे सोने ठोकून एखादा किताब उमटवायचा, हे धंदे सुरू होतात. हा रोग केवळ आजचा किंवा आपलाच नव्हे. इटलीतल्या आंद्रेआ फेरारा या कारागिराचे नाव युरोपात कितीतरी परक्या पात्यांवर ठोकले गेले. जिनोआच्या पात्यांवर पापणीच्या केसांसारख्या दातेरी कमानींची खूण असे. ती गिऱ्हाईक ओळखते असे दिसताच आपल्याकडच्या लोहारांनीही ती आपल्या पात्यांवर उमटविली. तेव्हा नाव हा पुरावा असेलही, पण तो सर्वांत शेवटी तपासायचा पुरावा. आधी तपासायची ती तलवार.

३

आणि ती तपासण्यात आम्ही लेखक मंडळी सर्वांत मागे. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तलवार तळपते, लखलखते, विजेसारखी चमकते, म्यानातून खणखणत बाहेर पडते. पण ती हातात धरल्यासारखी वाटत नाही. दुसऱ्यांची नावे कशाला घेऊ? माझ्या पहिल्या कादंबरीतल्या नायकाची तलवार दोन माणसांना उचलत नव्हती. ती त्याने एका हाताने गरगरा फिरविली, असे मी लिहिले, आणि त्या प्रकरणावर माझी मोठी मर्जी होती.

पुढे नागपूरला एका परिचितांकडे जुनी तलवार हातात घेण्याचा योग आला. मी पाय रोवून उचलली आणि फजित झालो. ती जेमतेम किलोभर भरली असती. खऱ्या लढाईतल्या तलवारीचे वजन साधारण तेवढेच असते. ज्याला दिवसभर घोड्यावर बसून हात चालवायचा आहे, तो मणभर लोखंड घेऊन निघत नाही. दुसरी फजिती मुठीची. माझा मध्यम पंजाही तिच्यात नीट मावेना. जुनी माणसे अंगापिंडाने लहान होती की काय, असे मी विचारले. परिचित हसले आणि त्यांनी मला पकड शिकविली. मूठ पिळून धरायची नाही. तर्जनी पुढच्या आडव्या दांडीवर टाकायची, बाकीची बोटे आत. मागची तबकडी मनगटाला टेकते. हात मुठीत असा अडकला की मनगट सैल सोडून लाकूड तोडल्यासारखा घाव घालताच येत नाही. खांद्यापासून हात ओढून घ्यावा लागतो आणि वाकडे पाते कापीत जाते. मूठ लहान आहे ती हात लहान होते म्हणून नव्हे. तिच्यात वार करण्याची एक रीत साठविलेली आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या वस्तादाची शिकवण त्या लोखंडाने माझ्या मनगटाला दिली. हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते.

सरळ पात्याची रीत वेगळी. मराठ्यांची धोप किंवा फिरंग लांब असते. घोड्यावरून दूरवर पोहोचते, भोसकायलाही चालते. कित्येकींच्या मुठीला हात झाकणारे पिंजऱ्यासारखे कवच असते आणि मागे एक दांडीसारखे टोक. वेळ पडल्यास दुसऱ्या हाताने ते धरून घाव घालता येतो. म्यान बहुधा लाकडाचे, वर कातडे किंवा मखमल. त्यातून तलवार काढताना कादंबरीतला खणखणाट होत नाही. कापडावरून हात फिरविल्यासारखा हलका घासल्याचा आवाज येतो. ज्याचा जीव जायचा आहे त्याला तोही ऐकू आला असेल की नाही, कोण जाणे. नाटकातल्या खणखणाटापेक्षा मला तो बारीक आवाज अधिक भीतिदायक वाटला.

आणखी एक गोष्ट. आपल्या बहुतेक तलवारींचे पाते मुठीत लाखेने बसविलेले असते. मूठ पोकळ, तीत तापलेली लाख भरायची आणि पात्याचे शेपूट आत रोवायचे. पुन्हा तापविली की मूठ सुटते. त्यामुळे पाती आणि मुठी यांच्या सोयरिकी वारंवार मोडत आणि नव्याने जुळत. आजोबांच्या पात्याला नातू आपल्या पसंतीची मूठ बसवी. मूठ मोडली तर दुसऱ्या गावची येई. पाते एका शतकातले आणि मूठ दुसऱ्या शतकातली, यात लबाडी काहीच नाही. तो तिचा संसार आहे. वारंवार धार लावून पाते अरुंद होते, तीही तिची कमाई. अमक्याची तलवार, अमके साल, एवढ्यावर चिठ्ठी संपविली म्हणजे तिचे हे आयुष्य गळते. चार-पाच हातांतून गेलेल्या वस्तूला आपण एकच धनी देतो, आणि तोही जो सर्वांत मोठा असेल तो.

४

इथून माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. राजाची तलवार नावाने तरी शिल्लक राहते. ज्यांची नावेच कोणी लिहिली नाहीत त्यांच्या हत्यारांचे काय झाले?

विचित्र वाटेल, पण लूट ही जपणूकही ठरते. जेत्याने राजाची तलवार नेली ती मिरवायला. म्हणून ती तेल लावून, काचेत ठेवून टिकली आणि दोनशे वर्षांनी लिलावात आली. साध्या शिपायाची तलवार कोणी मिरवायला नेत नाही. १८५८ साली याच मुलखात मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. त्यांच्यामागे जी गोंड माणसे उभी राहिली त्यांच्या हत्यारांना कोणी सोन्याची अक्षरे घातली नव्हती. सत्तावनच्या उठावानंतर देशभर निःशस्त्रीकरण झाले. गावोगावची हत्यारे गोळा करून मोडली गेली. १८७८ च्या कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. जी तलवार मोडीत गेली तिचा खिळा झाला असेल, नांगराचा फाळ झाला असेल. तिचा लिलाव कुठे पुकारणार?

राहिली ती कुऱ्हाड. आमच्याकडचा माडिया माणूस घराबाहेर पडला की खांद्यावर कुऱ्हाड असतेच. सरपण, कुंपण, घराचे वासे, वाटेवरचे झुडूप आणि प्रसंगी अंगावर आलेले जनावर, सगळ्याला ती एकच. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्र ठरते, पण घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनविलेले असेल तर नाही. कायद्याचा हा शहाणपणा आहे. कुऱ्हाडीला परवाना लावला तर इथली चूल पेटायची नाही.

पण कायद्याने सोयीसाठी केलेली ही वाटणी संग्राहकानेही उचलली, हे मला खटकते. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात जा. तलवार एका दालनात, कुऱ्हाड आणि तिरकमठा दुसऱ्या. पहिल्याचे नाव शस्त्रे, दुसऱ्याचे आदिवासी जीवन. पहिल्यात प्रत्येक वस्तूला शतक असते. दुसऱ्यात बहुधा फक्त जमातीचे नाव असते, साल नसते. जणू तलवार इतिहासात घडली आणि कुऱ्हाड रानात उगवली!

वस्तुस्थिती उलटी आहे. नागपूरच्या आसपास माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा येथे दगडांच्या वर्तुळांखाली प्राचीन दफने सापडली. प्रा. शां. भा. देव यांनी १९६८ नंतरच्या काळात त्यांतली काही उकरली. त्यांत घोड्यांची हाडे आणि साज मिळाला, कट्यारी मिळाल्या, आणि दांड्याला आवळून धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या कुऱ्हाडी मिळाल्या. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. हा काळ अडीच हजार वर्षांच्या अलीकडचा नाही. मेलेल्या माणसाशेजारी ज्यांनी कुऱ्हाड ठेवली, त्यांना ती नुसती सरपणाची वस्तू वाटत नसणार. विदर्भात लोखंडाच्या धारेचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण कुऱ्हाडीचे होईल. रघूजींची तलवार फार पुढच्या प्रकरणात येईल. पण आमच्या दालनांत पहिले प्रकरण पुस्तकाबाहेर बांधले आहे.

वेगळ्या रीतीने संग्रह करणारा माणूस महाराष्ट्रात झाला नाही असे नव्हे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचे दुकान चालवीत आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर वस्तू जमविल्या, लहानपणी गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सारा शासनाच्या हवाली केला. त्यांच्या संग्रहात शस्त्रे आहेतच. पण दिवे आहेत, दरवाजे आहेत, वाद्ये आहेत, आणि नाना घाटांचे अडकित्ते आहेत. अडकित्त्यालाही धार असते. तो कोणत्या पराक्रमी पुरुषाने वापरला हे केळकरांनी विचारले नाही. तो चांगला घडविला आहे की नाही आणि कोणाच्या तरी हाताने झिजला आहे की नाही, हे पाहिले. 'कोणाची?' या प्रश्नाऐवजी 'कशी केली आणि कशी वापरली?' हा प्रश्न विचारणारा असा संग्राहक मला मोठा वाटतो. आणि त्यांनी आपल्या संग्रहाला सरदाराचे नाव न देता एका लहान मुलाचे दिले, हेही मला विसरता येत नाही.

५

आता ती हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेत एक प्रदर्शन भरवायचे ठरले. जवळच्या एका गावात एका वृद्ध गृहस्थांकडे जुनी तलवार असल्याचे कळले. त्यांचे पूर्वज जमीनदारीच्या काळात शिपाई होते. मी गेलो, विनंती केली. त्यांनी घरातल्या देवापुढची तलवार उतरविली, कपाळाला लावली आणि माझ्या हाती दिली. पावती मागितली नाही.

पाते काळे होते. वर तेलाचा, हळदीचा, धुराचा जाड थर. त्या थराखाली काहीतरी असणार अशी मला खात्री होती. एखादे नाव, एखादे साल, चांद्याच्या राजाची एखादी खूण. निदान वर्तमानपत्रात बातमी येण्याजोगे काही. दोन रात्री बसून मी ती चिंचेने आणि नंतर पॉलिशच्या कागदाने घासली. नाव निघाले नाही. निघाले ते उघडे, ओरखडे पडलेले लोखंड. मुळाशी बारीक ठिपक्यांची एक ओळ होती, असे आता आठवते. ती खूण होती की गंज होता हे कळण्यापूर्वीच माझ्या हाताने ती गेली. आज या विषयातले जाणते सांगतात की जुन्या पात्याला घासू नये. मऊ कापडाने पुसावे, हलके तेल लावावे आणि काळेपणा तसाच राहू द्यावा, कारण तोच त्याचा कागद. मी तो कागद कोरा केला.

प्रदर्शनात ती झकास चमकली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. खाली मी सुंदर अक्षरांत चिठ्ठी लावली होती : 'ऐतिहासिक तलवार.' याहून पोकळ वाक्य मी कोणत्याही कादंबरीत लिहिलेले नाही.

परत द्यायला गेलो तेव्हा म्हातारबाबांनी ती दोन्ही हातांत घेतली, उलटसुलट पाहिली. मूठ पाहिली. मग पात्याच्या मध्यावर अंगठा फिरविला. दर दसऱ्याला तिथे हळद-तेलाचे बोट लावायचे, ती जागा शोधीत असावेत.

"नवीनच दिसते जी, गुरुजी," ते म्हणाले. "पण आमची कोणती?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. त्यांच्या घराने ती तलवार कोणाच्याही नावाशिवाय पिढ्यान्पिढ्या ओळखली होती. त्यांच्या बोटांचा थर हीच तिच्यावरची नोंद होती. मी नाव शोधायला गेलो आणि ती नोंद पुसून आलो.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. पण रघूजींच्या तलवारीचे चित्र मी फळ्याशेजारून काढले नाही. त्याच्याखाली एक चिठ्ठी लावली आणि ती मुलांकडूनच लिहवून घेतली : पाते युरोपातल्या लोहाराने केले, मूठ आपल्या कारागिराने केली, धनी नागपूरचे रघूजी भोसले, त्यांनी १७५१ साली चांद्याचे राज्य घेतले, तलवार परदेशी गेली आणि २०२५ साली परत आली. एवढे लिहून झाल्यावर त्या मुलीने शेजारी आपल्या वडिलांच्या कुऱ्हाडीचे चित्र काढून चिकटविले. खाली चिठ्ठी लिहिली : पाते आमच्या गावच्या लोहाराने केले, दांडा बाबाने केला, तीन वेळा बदलला.

या दसऱ्याला आमच्या पाटावर दोन्ही चित्रे होती. हळदकुंकू दोन्हींना वाहिले.